विषाची मात्रा

कर्करोगावर औषध म्हणून शिरेतून किंवा गोळीतून जी रसायने दिली जातात, त्यांतली बहुतेक जुनी रसायने ही सरळसरळ विषे आहेत. ती पेशी मारतात, आणि त्यासाठीच दिली जातात. या उपचाराला केमोथेरपी म्हणतात. रुग्ण आणि नातेवाईक नुसते ‘केमो’ म्हणतात. जंतूंवरच्या औषधांशी ताडून पाहिले की या उपचाराची अडचण ध्यानात येते. जंतूच्या पेशीभोवती एक भिंत असते, ती माणसाच्या पेशीला नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही, आणि रुग्णाच्या पेशींना त्याची झळ लागत नाही. कर्करोगाची पेशी मात्र रुग्णाच्याच शरीरातली असते. ती त्याच्याच जिभेत, स्तनात, आतड्यात किंवा अस्थिमज्जेत जन्मलेली असते; विभाजनावरचा ताबा सुटला म्हणून ती वेगळी पडली. तिला मारणारे रसायन तिच्या शेजारणीलाही मारू शकते. म्हणून केमोथेरपीत तीन प्रश्न कायमचे असतात: विष किती द्यायचे, किती दिवसांनी द्यायचे, आणि मधल्या दिवसांत शरीर कसे सांभाळायचे.

या उपचाराचा उगम युद्धात आहे. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने मस्टर्ड गॅस सोडला. त्याने कातडी भाजली, डोळे गेले, फुप्फुसे सोलून निघाली. पण मेलेल्या सैनिकांच्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती १९१९ साली प्रसिद्ध झाली: त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि अस्थिमज्जा रिकामी पडली होती. या वायूचा अभ्यास पुढेही चालू राहिला, आणि त्याची किंमत भारतीयांनीही मोजली. रावळपिंडीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो भारतीय जवानांना या वायूसमोर उभे केले होते. १९४२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी मज्जा रिकामी करण्याच्या याच गुणाचा उलटा विचार केला. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात अशा रोगात हेच विष मोजून दिले तर? मस्टर्ड गॅसमधल्या गंधकाच्या जागी नायट्रोजन बसवून तयार केलेले रसायन त्यांनी लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला टोचले. मानेवरच्या आणि जबड्याखालच्या मोठाल्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. त्या परत आल्या आणि रुग्ण त्याच वर्षी दगावला. पण रसायनाने गाठ विरघळू शकते, हे सिद्ध झाले होते. युद्धाची गुप्तता असल्याने ही हकिकत १९४६ साली छापली गेली.

हे रसायन पेशीच्या केंद्रात शिरून डीएनएला चिकटते. त्याला चिकटणारे दोन हात असतात. ते डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतात. विभाजनाच्या वेळी धागे सुटे होत नाहीत, पेशीला नक्कल करता येत नाही आणि ती मरते. आज सर्रास वापरले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड याच कुळातले आहे. जर्मनीत तयार झालेले हे औषध १९५०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. ते शरीरात जाईपर्यंत निरुपद्रवी असते, यकृतात गेल्यावर त्याचे विष होते. त्यातून निघणारा अक्रोलिन नावाचा घटक मूत्राशय सोलून काढतो. म्हणून हे औषध मोठ्या मात्रेत देताना भरपूर पाणी आणि मेस्ना नावाचे उतारा-औषध सोबत दिले जाते.

पालघर जिल्ह्याच्या वाचकाला या रसायनशास्त्राची दुसरी बाजू जवळची आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे आणि त्यांना लागणाऱ्या कच्च्या रसायनांचे पुष्कळ कारखाने आहेत. अशा उद्योगात एका रेणूला मिथाइल गट जोडण्यासाठी डायमिथाइल सल्फेट वापरण्याची पद्धत जगभर आहे. कारखान्याच्या भट्टीत ते ज्या सहजतेने हा गट जोडते, त्याच सहजतेने ते माणसाच्या डीएनएलाही जोडते; म्हणून कर्करोग घडवण्याचा संभव असलेल्या रसायनांत त्याची गणना होते. सायक्लोफॉस्फामाइडचे तर याहून पुढचे. ते कर्करोग बरा करते, आणि कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्याच गटात त्याचे नाव आहे. यात विसंगती नाही. डीएनएला पुरेशी इजा झाली तर पेशी मरते. थोडी झाली तर पेशी जगते, पण चूक घेऊन जगते, आणि त्या चुकीतून वर्षांनंतर नवा कर्करोग उभा राहू शकतो. कारखान्यात हातमोजे न घालता रोज थोडे थोडे अंगावर घेतलेले रसायन आणि रुग्णालयात मोजून, मुदतीने, देखरेखीखाली दिलेले रसायन यांतले अंतर इतके मोठे आहे.

विषाचा दुसरा प्रकार पेशीची उपासमार करतो. डीएनए बांधायला फोलिक आम्ल लागते. फोलिक आम्लासारखे दिसणारे पण काम न करणारे रेणू अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरम इथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. त्यातले अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना दिले आणि १० मुलांत रोग मागे हटला. हा अहवाल जून १९४८चा; सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले. मुलांचा रोग काही महिन्यांत उलटला, पण त्याआधी या मुलांसाठी काहीच नव्हते. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आजही वापरात आहे, आणि पुढे मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातल्या एका संशोधनात त्याची गाठ पुन्हा पडते.

तिसऱ्या प्रकारचे विष पालघरच्या शिरगाव, माहीम, केळवे, सातपाटी या पट्ट्यातल्या अंगणाअंगणांत उगवते. सदाफुली मूळची मादागास्करची, पण कोकण किनाऱ्याच्या वाळवट जमिनीत ती इतकी रुळली आहे की कुणी तिला पाणीही घालत नाही. जगात अनेक ठिकाणी तिची पाने मधुमेहावर खाल्ली जात. महाराष्ट्रातही सकाळी अनशापोटी ती चावून खाणारे लोक आहेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी हाच गुण तपासायला १९५०च्या दशकात जमैकाहून आलेल्या पानांचा अर्क उंदरांना टोचला. रक्तातली साखर फारशी हलली नाही. उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. मस्टर्ड गॅसने जी खूण दाखवली होती तीच ही खूण होती. त्या अर्कातून विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन ही औषधे निघाली. पेशी दोन होताना गुणसूत्रे दोन टोकांना ओढून नेणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. सदाफुलीची ही सत्त्वे ते तंतू जुळूच देत नाहीत.

विनक्रिस्टिन पानांत अतिशय कमी असते. टनभर वाळलेल्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम हाती लागते, आणि एका मोठ्या माणसाला एका वेळी द्यायची मात्रा सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. कारण हेच तंतू मज्जातंतूंतही असतात. मात्रा वाढली की बोटे बधिर होतात, पाऊल उचलताना चवडा लोंबतो, बद्धकोष्ठ होते. हे औषध फक्त शिरेतून द्यायचे असते; चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचले गेले तर ते जवळजवळ नक्कीच जीव घेते. असे अपघात जगभर झाले आहेत, म्हणून विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून लटकवावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाठीच्या मणक्यात पिशवी कुणी लावत नाही, एवढ्या साध्या युक्तीने चूक टळते. अंगणातली पाने चावून खाणाऱ्यांनाही हेच सांगायला हवे. त्यांत डझनावारी सत्त्वे आहेत, प्रत्येक पानात ती किती हे मोजलेले नाही, आणि त्या काढ्याने कर्करोग बरा होत नाही.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, नरक्या नावाचे झाड आहे. फुलांच्या आणि लाकडाच्या दुर्गंधीमुळे पूर्वी त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. त्याच्या खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचे विष मुबलक असते. हे विष आधी एका चिनी झाडात सापडले होते, १९६६ साली, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये. ते वेगळे करणाऱ्या जोडीत मन्रो वॉल यांच्यासोबत मनसुख वाणी होते. वाणी यांचा जन्म १९२५चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले. याच जोडीने १९७१ साली पॅसिफिक यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना उलगडली. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर आज लाखो रुग्णांना दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल ते हेच. एका माणसाच्या हातून अशी दोन औषधे घडावीत हे दुर्मीळ आहे, आणि वाणी यांचे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलांना माहीत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

कॅम्प्टोथेसिनचा प्रवास विषाची मात्रा किती नाजूक असते ते दाखवतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते रुग्णांना दिले गेले तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि मज्जा खचणे इतके वाढले की चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध दशकभर बाजूला पडले. १९८५ साली ते नेमके कुठे घाव घालते हे कळले: डीएनएचा पीळ सैल करणारे एक वितंचक ते जागच्या जागी अडकवते. मग रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही सुसह्य रूपे तयार झाली आणि १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. इकडे मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या जंगलांतून लाकडाचे तुकडे पोत्यांनी बाहेर गेले, आणि जे झाड कुणाला नको होते ते पाहता पाहता विरळ झाले.

प्लॅटिनमचे औषध मात्र अपघाताने सापडले. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जंतूंवरचा परिणाम पाहत होते. जंतू लांबलचक वाढत होते, पण दुभंगत नव्हते. त्याचे कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रवात उतरलेले एक संयुग होते. ते सिस्प्लॅटिन. १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने ग्रासलेल्या महाराष्ट्रात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणोत्साराच्या जोडीला हेच औषध दिले जाते. ते मूत्रपिंड आणि कान यांना घातक आहे, आणि जबर उलट्या करते. सोमलाचीही इथे आठवण ठेवायला हवी. ज्याच्या नावाने जुन्या गोष्टींत माणसे मारली जातात तो सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधाबरोबर शिरेतून दिला, तर दहातले नऊ रुग्ण बरे होऊ शकतात. चीनमधील हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात ही वाट दाखवली.

विष हाती आले तरी ते द्यायचे कसे, हा प्रश्न निराळा होता. त्याचे गणित अमेरिकेतील हॉवर्ड स्किपर यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर मांडले. औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, तो ठरावीक प्रमाणात मारतो. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. एका डोसने ९९ टक्के मेल्या तरी एक कोटी उरतात. दुसऱ्यानंतर एक लाख, तिसऱ्यानंतर एक हजार, आणि मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी वाढतच असतात. एक कोटी पेशींची गाठ हाताला लागत नाही, स्कॅनवरही सहज दिसत नाही. ‘गाठ तर गेली, मग आणखी चार सलाईन कशाला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. न दिसणाऱ्या त्या कोटभर पेशी, हेच त्याचे उत्तर. अर्ध्यावर सोडलेला उपचार म्हणूनच महागात पडतो. शिवाय उरतात त्या पेशी बहुधा त्या औषधाला दाद न देणाऱ्या असतात.

डोसांमधले अंतर अस्थिमज्जा ठरवते. मज्जेतल्या मूळ पेशी बहुतांशी निवांत असतात, विभाजित होत नाहीत, म्हणून विषातून वाचतात. त्यांच्या पुढच्या पिढ्या मात्र झपाट्याने वाढत असतात आणि त्या मारल्या जातात. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात दिवसभरही टिकत नाहीत, त्यामुळे नवा पुरवठा थांबला की त्यांची संख्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जाते. रुग्णाच्या भाषेत ‘काउंट पडतात’. मग मूळ पेशी जाग्या होऊन भर घालतात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत बहुतेकांची मज्जा सावरते. अनेक उपचारांत तीन आठवड्यांची पाळी असते ती यामुळे. कर्करोगाच्या पेशी इतक्या शिस्तीने सावरत नाहीत; या फरकावरच सारा डाव मांडलेला आहे. केस, तोंडाचे अस्तर आणि आतड्याचे अस्तरही भराभर वाढणारे, म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात. केसांचे मूळ शाबूत असल्याने ते पुन्हा येतात.

एकाच विषाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा निरनिराळी इजा करणारी विषे एकत्र दिली तर रोगावरचा मारा वाढतो आणि शरीरावरचा भार विभागला जातो, हे पुढचे पाऊल. १९६४ साली अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी हॉजकिन रोगावर चार औषधांचा मिलाफ वापरायला सुरुवात केली. त्यात मस्टर्ड गॅसचे नायट्रोजन-भावंड होते आणि सदाफुलीचे विनक्रिस्टिनही. पसरलेल्या रोगाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण कायमचे बरे झाले. रसायनाने कर्करोग बरा होतो हे म्हणायला तेव्हापासून आधार मिळाला.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून ते उभे राहिले. ज्या रोगाने त्या गेल्या त्यावर उद्घाटनाच्या दिवशीही रुग्णालयाकडे औषध नव्हते. तेव्हा शस्त्रक्रिया आणि किरण एवढीच साधने होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी इथल्या विकृतिशास्त्राचा आणि कर्करोग संशोधनाचा पाया घातला. १९६२ साली रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेले, ज्या विभागाचे वीज केंद्र सात वर्षांनी तारापूरला सुरू झाले. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी इथे देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर १९८०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्रॅथ यांच्या साहाय्याने एक उपचारक्रम आखला गेला, आणि तो मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या संस्थांनी एकसारखा वापरला. पाश्चात्त्य क्रम जसाच्या तसा उचलला असता तर संसर्गानेच मुले दगावली असती; म्हणून इथल्या रक्तपेढ्या, इथले जंतू आणि इथले कुपोषण विचारात घेऊन मात्रा बसवल्या गेल्या. त्याआधी पाचांतले एखादे मूल वाचे. या क्रमाने निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली.

मात्रा ठरते ती अंगाच्या पृष्ठभागावरून. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ५० किलो वजनाच्या माणसाच्या कातडीचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर भरते. सिस्प्लॅटिन दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम ठरले असेल तर त्याला १५० मिलिग्रॅम मिळते. सलाईन लागण्याआधी त्या दिवसाचा रक्ताचा अहवाल पाहिला जातो. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन यांतले एक जरी हद्दीबाहेर असले तरी डोस पुढे जातो किंवा कमी होतो. मग उलटीची औषधे, सलाईन, मॅग्नेशियम, आणि त्यानंतर विष. डॉक्सोरुबिसिनचा रंग लालभडक असतो; रुग्ण त्याला ‘लाल औषध’ म्हणतात. ते शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूचे मांस जळते, म्हणून परिचारिका सुई टोचल्यावर आधी साधे सलाईन सोडून शीर नीट लागली की नाही ते पाहते, आणि हात जळजळतो का हे पुन्हा पुन्हा विचारते. या औषधाचा हिशेब आयुष्यभराचा असतो. हृदयाच्या स्नायूला त्याची इजा साठत जाते, म्हणून एकूण मात्रा दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत.

मात्रा कमी केली तर चालेल का, हा प्रश्न परळच्या डॉक्टरांनी नेटाने धसास लावला आहे, आणि त्याची उत्तरे एकसारखी आली नाहीत हे महत्त्वाचे. तोंड-घशाच्या कर्करोगात किरणोत्साराबरोबर सिस्प्लॅटिन दर चौरस मीटरला तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम द्यावे की दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम, याची चाचणी डॉ. वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांवर घेतली. निष्कर्ष २०१८च्या आसपास प्रसिद्ध झाले. आठवड्याचा छोटा डोस अंगाला सोपा होता, म्हणून देशभर तोच रूढ होता. पण दोन वर्षांनी मूळ जागी रोग आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण मोठ्या डोसमध्ये ७३ टक्के, तर छोट्या डोसमध्ये ५८ टक्के निघाले. जिथे रोग बरा होण्याची आशा आहे तिथे विषात केलेली काटकसर अंगाशी आली. (पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत आठवड्याला ४० मिलिग्रॅम पुरेसे ठरले, ३० आणि ४० यांतले अंतर इतके मोलाचे असू शकते.)

दुसरी चाचणी नेमकी उलटी. तोंड-घशाचा रोग परत उलटलेला किंवा पसरलेला, शस्त्रक्रिया अशक्य, अशा ४२२ रुग्णांत डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी सिस्प्लॅटिनच्या सलाईनशी घरी घ्यायच्या गोळ्यांची तुलना केली. गोळ्या होत्या आठवड्यातून एकदा कमी मात्रेतले मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात गोळ्या घेणाऱ्यांचे आयुष्य मध्यकाने साडेसात महिने, सलाईनवाल्यांचे सहा महिन्यांच्या जरा वर. गंभीर त्रासही गोळ्यांत कमी. जिथे बरे होण्याची आशा नाही, तिथे थोडे विष, सातत्याने, घरच्या घरी, हे अधिक बरे ठरले. तिसरी चाचणी उलटीच्या औषधाची आहे. ओलान्झापिन १० मिलिग्रॅम देण्याचा प्रघात होता. त्याने रुग्ण दिवसभर पेंगत. डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली दाखवले की अडीच मिलिग्रॅमने उलट्या तितक्याच थांबतात आणि झोप पुष्कळ कमी येते.

घरी घ्यायची गोळी आणि पेंग न आणणारे औषध यांचे मोल शिरगावसारख्या गावातून कळते. गावातून पालघर स्थानक, तिथून नव्वदएक किलोमीटरवरची मुंबई, दादरला उतरून परळ. आणि परतीला उलट्या आवरत तीच गाडी. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आल्याने ही वाट थोडी सोपी झाली. ज्यांना रोज ये-जा झेपत नाही ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहतात. पुष्कळांना रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर दिवस काढावे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपीचा खर्च भागतो, पण प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचे जेवण त्यात धरलेले नाही. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या रुग्णालयांना एका सूत्रात आणले आहे. नेहमीची केमोथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावी हाच त्यामागचा शहाणा विचार आहे.

अंतराचा सर्वांत मोठा धोका तापाचा असतो. केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात १००.४ अंश फॅरनहाइटवर गेलेला ताप हा साधा ताप नव्हे. पांढऱ्या पेशी नसल्याने पू धरत नाही, घसा लाल होत नाही, दुसरे लक्षण दिसत नाही, आणि रुग्ण काही तासांत खचू शकतो. अशा वेळी सकाळच्या गाडीने परळ गाठायची वाट पाहायची नसते. पॅरासिटॅमॉल देऊन ताप झाकायचा नसतो. पालघर किंवा बोईसरच्या जवळच्या रुग्णालयात जाऊन, केमो चालू असल्याची फाइल दाखवून, शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू करून घ्यायचे असते.

औषध शरीरातून बाहेर पडतानाही विषच असते. डोसनंतर दोन दिवस रुग्णाची लघवी, उलटी आणि घामाचे कपडे हातमोजे घालून हाताळावेत, कपडे वेगळे धुवावेत, संडास झाकण लावून दोनदा पाणी ओतून धुवावा. गर्भवतीने हे काम करू नये. रुग्णालयात ही औषधे बंद कपाटात, हवेचा झोत आत ओढणाऱ्या व्यवस्थेत मिसळली जातात. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार उरलेले औषध आणि त्याच्या कुप्या पिवळ्या पिशवीत वेगळी खूण करून ठेवायच्या आणि १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळायच्या असतात.

बरे झाल्यानंतरही काही हिशेब राहतो. मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून उपचाराआधीच वीर्य किंवा बीजांड जपून ठेवता येते का, हे तरुण रुग्णांनी विचारायला हवे. संकोचाने हा विषय पुष्कळदा निघतच नाही. सिस्प्लॅटिनने कानात कायमचा आवाज राहू शकतो. काही वर्षांनी रक्ताचा दुसरा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो. रोगाच्या धोक्यापुढे तो लहान असतो, म्हणून स्वीकारला जातो.

२००१ साली इमॅटिनिब आले आणि केवळ बिघडलेल्या प्रथिनावर बोट ठेवणारी औषधे सुरू झाली. पाठोपाठ प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे आली. त्यांतही परळच्या डॉक्टरांनी निवोलुमॅबची नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी मात्रा वापरून फायदा दाखवला. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, बदलून, त्याला परत दिल्या जातात. तरी त्या परत देण्याआधी आधीच्या पेशींची गर्दी हटवून जागा करावी लागते, आणि त्यासाठी दिले जाते सायक्लोफॉस्फामाइड. विषाला थेट रोगपेशीच्या दारात नेऊन सोडणारी औषधेही आता वापरात आहेत. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानमध्ये एका प्रतिपिंडाला कॅम्प्टोथेसिनच्या कुळातले विष बांधलेले असते. प्रतिपिंड रोगपेशीवरचे प्रथिन ओळखून तिथे चिकटते आणि विष आत उतरते. मोकळे दिले तर सोसवणार नाही इतके जहाल विष अशा रीतीने देता येते. तरीही थोडे वाटेत सांडते आणि काही रुग्णांच्या फुप्फुसांना सूज येते. म्हणून या औषधावर असताना कोरडा खोकला किंवा नवी धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ते लगेच डॉक्टरांना सांगायचे असते, आणि छातीचा सीटी स्कॅन ठरावीक अंतराने केला जातो.